औंढ्याच्या कड्यावर रोखलेली लेन्स

भाऊ,

तुमची लांब लेन्स मी पुन्हा बाहेर काढली. नुसती बाहेर काढली नाही, माझ्या नव्या कॅमेऱ्याला बसवली, आणि भाद्रपद संपता संपता एका रविवारी ती घेऊन औंढ्याला गेले. तुम्ही जिथे पोटावर पडून गिधाडांचे फोटो काढायचात, त्याच बांधावर. त्या दिवशी जे घडलं ते मी घरी सांगितलं आहे, मी शिकवते त्या शाळेतल्या बाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनाही सांगितलं आहे. पण त्यातला एक भाग मी प्रत्येक वेळी गाळला. तो सांगायला ही लेन्स माहीत असलेलं, तो कडा माहीत असलेलं आणि औंढ्याची मावशी माहीत असलेलं माणूस हवं. असं माणूस तुम्हीच, आणि तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं होत आली.

मावशी तुम्हाला आठवत असणारच. तुम्ही स्टुडिओच्या सुट्टीच्या दिवशी स्कूटर तिच्या दारात लावायचात तेव्हा ती त्या घरात नवी सून होती. तुम्ही तिला वहिनी म्हणायचात आणि मागे बसून आलेली तुमची लेक, मी, मावशी म्हणायचे. सासूची नजर चुकवून ती आपल्याला गूळ घातलेला कोरा चहा द्यायची. एकदा तिनं तुम्हाला विचारलं होतं, "एवढ्या लांबनं बघायचं त्यापरीस वर जाऊन का बघत न्हाई?" तुम्ही म्हणालात, मी वर गेलो की ती उडून जातील. ती पदर तोंडाला लावून हसली. तिच्या लेखी तुम्ही जरा खुळे होतात, आणि तेव्हा माझ्याही लेखी होतात. लग्नाचे नि पासपोर्टचे फोटो काढून पोट भरणारा माणूस, ज्यांच्या फोटोंचे पैसे कोणी देणार नाही अशा पाखरांसाठी चिखलात लोळतो, हे आईलाही कधी पटलं नाही.

लेन्स खंडाळ्याच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या साहेबांनी तुम्हाला दिली. बंगला विकून मुलाकडे परदेशी जाताना सामानाची वाटावाट चालली होती. माळ्याला खुर्च्या मिळाल्या, स्वयंपाकिणीला भांडी, आणि त्यांच्या घरातल्या प्रत्येक वाढदिवसाचे फोटो काढणाऱ्या तुम्हाला ही. तुम्ही ती घरी आणलीत तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. ओट्यावर जागा करून, खाली टॉवेल पसरून तुम्ही ती ठेवलीत. माझ्या हाताएवढी लांब, काळी, थंडगार. मी पुढच्या काचेत वाकून पाहिलं, जांभळट-हिरवी झाक दिसली आणि मी बोट लावलं. बोटाला तूप होतं. तुम्ही माझं मनगट धरलंत, जोरात नाही, पण सोडलंही नाहीत. म्हणालात, "जी वस्तू बघण्यासाठी आहे तिला हात लावायचा नाही." काच पुसताना तुम्ही श्वास रोखून धरला होता. त्यानंतर मी त्या लेन्सजवळ हात पाठीमागे बांधूनच उभी राहिले, तुम्ही असेपर्यंत, आणि नंतरही बरीच वर्षं.

पावसाळ्यात लोणावळ्यात चपलांनासुद्धा बुरशी येते, म्हणून तुम्ही कॅमेऱ्यांच्या कपाटात दिवा जळता ठेवायचात. तुम्ही गेल्यावर स्टुडिओ गेला, कपाट माझ्या घरी आलं, पण दिवा लावायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्याही. गेल्या वर्षी शाळेच्या सहलींसाठी नि हौसेसाठी मी एक नवा कॅमेरा घेतला आणि तुमच्या लेन्सची आठवण झाली. उघडून पाहते तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेले. पुण्यात जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे ती नेली. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवली, आणि ही आता टेबलावर शोभेला ठेवा म्हणाले. मी हट्ट धरला. महिन्याभरानं त्यांनी ती साफ करून दिली. कडेला एक धागा राहिला आहे, तो काढायला गेलो तर काचेवरचा लेपच निघेल, असं म्हणाले.

मग ती कॅमेऱ्याला बसवायची. तुम्हाला हे ऐकायला आवडलं असतं. नव्या कॅमेऱ्यात आरसा नसतो, भाऊ. त्यामुळे लेन्स आणि चित्र पडायची जागा यांतलं अंतर तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा फार कमी. ते भरून काढायला मध्ये एक रिकामं धातूचं कडं लागतं, त्याला ॲडॉप्टर म्हणतात. एका बाजूला तुमच्या लेन्सचे आटे, दुसऱ्या बाजूला माझ्या कॅमेऱ्याची खाच. पहिलं कडं मागवलं ते केसभर जाड निघालं. अंगणातली जास्वंद लख्ख दिसायची आणि समोरचा डोंगर मात्र कितीही फिरवलं तरी धुरकटच. लेन्सवर ती अनंताची खूण, तो आडवा इंग्रजी आठ आहे ना, त्याच्या टोकाला जाऊनही लांबचं काही नीट येईना. दुसरं कडं आलं ते किंचित पातळ. त्यानं डोंगर आला, पण आता लेन्स आठच्या पलीकडेही जायची, मग थोडं मागे यायचं. आणि कॅमेरा तर लेन्स ओळखायलाच तयार नव्हता. बटण दाबलं की पडद्यावर अक्षरं यायची, लेन्स लावलेली नाही. एवढी वजनदार वस्तू पुढे लटकते आहे आणि हा म्हणतो लावलेलीच नाही. शेवटी आतल्या यादीत खोल कुठेतरी सापडलं, लेन्स नसली तरी फोटो घ्यावा. ते चालू केलं, लेन्सची लांबी हातानं भरली, तेव्हा कुठे त्यानं फोटो घेतला. बाकी सगळं तुमच्यासारखंच, हातानं. फक्त पडद्यावर चित्राचा एक तुकडा खूप मोठा करून पाहता येतो आणि मग जुळवता येतं. तेवढं एक तुम्हाला मिळायला हवं होतं.

त्या रविवारी मी औंढ्याला गेले ती हे दुसरं कडं कड्यावर तपासायला. गिधाडं नव्हती, ती तुमच्या देखतच नाहीशी झाली. शेवटच्या वर्षांत तुम्ही जायचात आणि रोल तसाच परत आणायचात. पण तो कडा माझ्या ओळखीचा होता, लांबचं नि बारीक पाहायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. मावशीच्या दारात गाडी लावली तर घर उघडं, चूल विझलेली आणि अंगणात बायकांचा घोळका. मावशी आदल्या संध्याकाळपासून घरी नव्हती.

तिची कालवड वरच्या पठारावर चरायला गेली होती ती परतली नाही म्हणून मावशी तिला शोधायला चढली. सत्तरीची बाई, पण त्या वाटेनं ती रोज जायची, त्यामुळे कोणी अडवलं नाही. अंधार पडल्यावर कालवड आपली आपण खाली आली. मावशी आली नाही. रात्रभर गावानं हाका मारल्या. तिचा मुलगा खंडाळ्याच्या एका हॉटेलात गाडी चालवतो. तो रात्रीच आला होता. पहाटे त्याला पठाराच्या डाव्या टोकाला, घळीच्या तोंडाशी तिची एक चप्पल सापडली. तेव्हापासून सगळे त्या घळीत उतरत होते. लोणावळ्याहून डोंगरात अडकलेल्यांना सोडवणारं पथक निघालं होतं, ते भुशी धरणाच्या रस्त्यावरच्या रविवारच्या गाड्यांत अडकून दुपारी पोचलं. दहा-बारा जण, नोकरीधंदा सांभाळून हे काम करणारे. त्यांनी ड्रोन उडवला, पण कड्याजवळ वारा त्याला दगडावर आपटायला बघत होता, म्हणून लगेच उतरवला. मग तेही घळीत गेले.

मी काय करणार होते? बायकांच्यात बसून राहवेना. मी बांधावर कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं लावलं, लेन्स चढवली आणि कडा पाहायला सुरुवात केली. घळ तिथून दिसत नाही, समोर दिसतो तो उघडा कडा. शोधण्यासाठी पाहत होते असंही नाही, खरं सांगायचं तर हाताला काहीतरी हवं होतं. पण पाहायचं तुम्ही शिकवलं होतं तसंच पाहत गेले. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडे, मग थोडं खाली, मग परत डावीकडे. भाद्रपदातला कडा तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक फटीत, प्रत्येक कपारीत तेरडा. काळ्या दगडावर गुलाबी-जांभळे डागच डाग, आणि वाऱ्यानं सगळे डाग थरथरताहेत.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. मध्यावर, पुढे झुकलेल्या दगडाखाली, गिधाडांची मोठी कपार होती ना, जिच्याखाली पांढरे ओघळ असायचे, तिथे एक डाग थरथरत नव्हता.

मी तुकडा मोठा केला. रंग तेरड्याचाच. आजूबाजूचा सगळा तेरडा हलतो आहे आणि हा मधला हातभर पट्टा स्थिर. मी लेन्स आठच्या पलीकडे नेली, परत आणली, पुन्हा नेली. कडेच्या त्या बुरशीच्या धाग्यामुळे उजेडाचं एक दुधी वर्तुळ मध्येच येत होतं. मी टोपी काढून काचेवर सावली धरली. पट्ट्याच्या खालच्या टोकाला काहीतरी फिकं, लांबट होतं. हात असावा. कारवीच्या खोडाला धरलेला हात. किंवा मुळी. मावशीनं कोणतं लुगडं नेसलं होतं ते मी बायकांना ओरडून विचारलं. एकीनं सांगितलं, जांभळं, गौरीला मुलानं घेतलेलं.

तिचा मुलगा धावत आला. चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला, डोळे तांबारलेले. मी त्याला पडद्यावर दाखवलं. तो इतका जवळ वाकला की त्याच्या श्वासानं पडद्यावर वाफ धरली.

"ताई, आय हाय का ती?"

मी म्हटलं, लुगडं आहे असं वाटतंय, नक्की सांगता येत नाही. त्यानं पथकाच्या प्रमुखाला फोन लावला. प्रमुख म्हणजे लोणावळ्यात हार्डवेअरचं दुकान असलेला चाळिशीचा माणूस, अत्यंत शांत. तो घळीतून वर येऊन, उतरून, शेत ओलांडून माझ्यापर्यंत पोचला तोवर पश्चिमेकडचं ऊन पिवळं पडलं होतं आणि पठारावरून धुकं कड्याच्या ओठाशी येऊन थांबलं होतं. त्यानं आधी आपल्या दुर्बिणीतून पाहिलं. तेरडा आहे, म्हणाला. मग माझ्या पडद्यावर पाहिलं आणि दुर्बीण गळ्यात सोडून दिली. मी त्याला सांगितलं, बाकी सगळं हलतंय आणि हे हलत नाही, म्हणून हे फूल नाही. हे मी खरं सांगितलं, भाऊ. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं, तसंच्या तसं.

त्याला ते पटलं. पण पटल्यावर तो मला थोडं बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायला लागला. मुलगा आमच्या मागोमाग आला, त्याला कोण अडवणार. प्रमुख म्हणाला, "मॅडम, तिथं जायचं तर वरून दोरावर, त्या पुढं आलेल्या दगडाला वळसा घालून. दगड ओला आहे. माझी माणसं घळीत चढून-उतरून दमलीत. उजेड एकदाच उतरण्यापुरता आहे. बाई जिवंत असेल तर मी आत्ता उतरवतो. नसेल तर उद्या सकाळी. तुम्ही मघापासून बघताय. काही हालचाल दिसली का?"

मी पडद्याकडे गेले. पुन्हा तुकडा मोठा केला. इतकं मोठं केल्यावर सगळंच हलतं, तुम्हाला ठाऊक आहे. तिकाटण्याला वारा लागला तरी कडा थरथरतो, मी श्वास घेतला तरी. बोट थरथरू नये म्हणून मी श्वास रोखला आणि बटण दाबलं, लागोपाठ काही फोटो घेतले. मग नुसतीच पाहत राहिले. तो फिका लांबट ठिपका चित्राबरोबर हलत होता, चित्राहून वेगळा हलत होता का? माझ्या मागे मावशीचा मुलगा उभा होता. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मी म्हटलं, "हो. हात हलला."

प्रमुखानं माझ्याकडे एकदाच पाहिलं, मान हलवली आणि वॉकीटॉकीवर बोलत पळत सुटला.

माणूस किती विचित्र असतो बघा. ते तीन शब्द तोंडातून गेले आणि मला याच बांधावरचा दुसरा दिवस आठवला. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तुम्ही मला पहिल्यांदा लेन्समधून पाहू दिलंत आणि विचारलंत, घरट्यात पिल्लं किती? मी पाहिलं, पांढुरकं काहीतरी दिसलं, आणि मी सांगितलं, दोन. तुम्ही म्हणालात, परत बघ. मी परत दोनच सांगितलं. गिधाडाच्या घरट्यात एकच पिल्लू असतं, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत, पण असे बोललात की परत येताना मी स्कूटरवर तुम्हाला न धरताच बसले. म्हणालात, "दिसलं तेवढंच सांगायचं. नाहीतर लेन्स कशाला हवी, घरी बसून सांग." आणि आता मी पन्नाशी ओलांडलेली बाई, मुलांना विज्ञान शिकवणारी, तुमच्याच लेन्सला डोळा लावून, एका परक्या माणसाला ओल्या कड्यावरून उतरायला लावत होते.

उतरली ती एक मुलगी होती. पुण्यात कुठल्याशा कंपनीत नोकरी करते, अंगानं सडपातळ, म्हणून तिला निवडली. दगडाच्या पोटाखाली तिला काही दिसणार नव्हतं आणि वरच्यांना तर ती स्वतःही दिसणार नव्हती. दिसत होती ती फक्त मला. प्रमुखानं एक वॉकीटॉकी माझ्याजवळ ठेवला होता. मी सांगायचं आणि वरच्यांनी दोर सोडायचा. मी डावीकडे म्हटलं आणि वरच्यांनी तिला माझ्या उजवीकडे नेलं, त्यांची डावी ती माझी उजवी. मग मी डावं-उजवं सोडून दिलं आणि घळीकडे, गावाकडे असं सांगायला लागले. एका हातानं लेन्स फिरवत होते, कारण ती दगडापासून पुढे लोंबकळली की धूसर व्हायची. धुकं ओठावरून खाली उतरू लागलं. तिचं शिरस्त्राण, मग खांदे, मग पुन्हा शिरस्त्राण, असं तुकड्या-तुकड्यानं दिसत होतं.

आणि तिच्या वरचा एक दगड सुटला. आवाज आला नाही, इतकं लांब होतं ते. पडद्यावर काहीतरी काळं सरकलं, तिचं डोकं एकदम एका बाजूला फेकलं गेलं आणि ती दोरावर गरगरा फिरायला लागली. वॉकीटॉकीवर कोणीतरी तिला विचारत होतं, ठीक आहेस का, ठीक आहेस का. उत्तर नाही. प्रमुख मला विचारतो आहे, मॅडम, काय दिसतंय? मी पाहते आहे. ती फिरते आहे, हात लोंबताहेत, धुकं मध्ये येतं, जातं, पुन्हा येतं. या वेळी मी दिसेल तेवढंच सांगितलं. म्हटलं, फिरतेय, हात खाली आहेत, काही करताना दिसत नाही. मावशीचा मुलगा माझ्या बाजूला उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "वर घ्या म्हनावं तिला, ताई. लोकाची पोर हाय." मी ते बोलायला बटण दाबलं आणि त्याच वेळी तिचा आवाज आला, घोगरा. खांद्याला लागलंय, चालेल, सोडा खाली.

मी सांगत राहिले. गावाकडे थोडं. अजून. आता सरळ खाली. पाय टेकेल, तिथं दगड आहे. ती कपारीत गेली आणि धुकं पडदा ओढावा तसं खाली आलं. मला काहीच दिसेना. पडद्यावर फक्त पांढरं. मी लेन्स उगाच फिरवत होते, आठच्या अलीकडे, पलीकडे. त्या पांढऱ्यात मी काय काय पाहिलं ते तुम्हाला सांगत नाही. ती बाई रात्रीच गेलेली असेल, आणि माझ्या शब्दावर उतरलेली मुलगी अंधारात, फुटक्या खांद्यानं तिच्या शेजारी रात्र काढेल. मग मी त्या मुलाला काय सांगणार होते, मुलीच्या आईवडिलांना काय सांगणार होते.

वॉकीटॉकी खरखरला. "आहेत. श्वास चालू आहे. आजी डोळे उघडतायत."

मावशीचा मुलगा चिखलात खाली बसला आणि दोन्ही हातांनी बांधावरचं गवत धरून ठेवलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो काढून घ्यायचं मला भानच राहिलं नाही, शेवटी त्यानंच मला विचारलं, "तुमी बऱ्या हाय ना, ताई?"

तिन्हीसांज होता होता त्यांनी दोघींना वर घेतलं, पठारावरून झोळीतून खाली आणलं. मावशीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, अंग थंड पडलं होतं, पण ती होती. त्या मुलीच्या खांद्याला जबर मार बसला होता, तो आता बरा आहे. जाताना प्रमुख माझ्यापाशी आला, लेन्सकडे पाहिलं, कुठली म्हणून विचारलं. माझ्या वडिलांची म्हटलं. तो म्हणाला, तुमच्या वडिलांनी तुम्हाला बघायला छान शिकवलंय. मी तिकाटणं मिटत होते, मान वर केली नाही.

पंधरा दिवसांनी मी मावशीला पाहायला इस्पितळात गेले. शस्त्रक्रिया झाली होती, उशीला टेकून बसली होती. मुलगा पायथ्याशी स्टुलावर होता. तिनं माझा हात हातात घेतला आणि तुमची आठवण काढली. पाखरवाला भाऊ म्हणाली. मग आपण होऊनच त्या रात्रीचं सांगायला लागली. चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती चप्पल घळीपाशी टाकून, दुसरी हातात घेऊन अनवाणीच पुढे गेली होती. कड्याच्या कडेला पाय सरकला, कारवीतून घसरत ती त्या कपारीत येऊन अडकली. खाली एक दगड होता, त्याच्यावर तिचा भार होता आणि तो दगड डुगडुगत होता.

"लोकं हाका मारत व्हते ते समदं ऐकू येत व्हतं," ती म्हणाली. "पर वरडाया छाती फुगवली आसती तर दगड सुटला आसता. म्हनून मी हललीच न्हाई. रातभर न्हाई, दिसभर न्हाई. बोट सुदिक हलवलं न्हाई बग."

मुलानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो हिशेब जुळवत होता, आणि तो जुळत नव्हता. मग तो आईला म्हणाला, "पर ताईनं तर तुजा हात हललेला बगितला. म्हनून तर ते उतरले."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातातला माझा हात तिनं सोडला नाही, उलट त्यावर दुसरा हात ठेवला. मग मुलाकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मग हलला आसंल."

त्यानं मान डोलावली आणि माझ्यासाठी चहा आणायला बाहेर गेला. मग तिनं कालवडीचं काढलं, मी माझ्या शाळेचं सांगितलं.

भाऊ, मी तुमच्यापाशी माफी मागत नाही. तसाच प्रसंग पुन्हा आला, तो मुलगा तसाच मागे उभा असला, तर मी तेच बोलेन असं वाटतं. पण हेही वाटतं की त्या मुलीवर पडलेला दगड थोडा मोठा असता, किंवा मावशी रात्रीच गेलेली असती, तर आज मी तुम्हाला काहीच लिहायला धजले नसते. माझे शब्द खरे ठरले ते माझ्यामुळे नाही. शाळेत मुलांना प्रयोगाच्या वहीत जे दिसलं तेच लिहा म्हणताना आता माझी जीभ जरा अडखळते. मुलांच्या ते लक्षात येत नाही.

आणखी एक आहे. प्रमुखानं विचारलं तेव्हा मी लागोपाठ जे फोटो घेतले ते कॅमेऱ्यातल्या कार्डात तसेच आहेत. ते एकामागून एक मोठे करून पाहिले तर हात हलला होता की नव्हता, कदाचित मी खरंच काही पाहिलं होतं की नव्हतं, हे कळायला एक मिनिट पुरेल. मावशी म्हणते हलली नाही, पण रात्रभर थंडीत पडलेल्या माणसाला स्वतःचा हात तरी कुठे कळतो, असंही मी मनाशी म्हणून बघते. हे पत्र पाठवायचं नाहीच, ते मला लिहायला बसतानाच माहीत होतं. कार्ड आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. ते फोटो मी अजून पाहिलेले नाहीत.